गेमकट्टा : ‘एल्डन रिंग’वर वाचक विचारतात

पाऊस धरला की कोकणातल्या पत्रांमध्ये फ्रॉमसॉफ्टवेअरच्या या २०२२ सालच्या गेमचीच पत्रं जास्त असतात. त्यातली निवडक इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : सामुराय घेऊन खेळतोय, लेव्हल ३५. डेक्स्टेरिटी ३८, एन्ड्युरन्स १६, व्हिगर सुरुवातीचाच १२. उचिगाताना +१ आहे. मार्गिट हा बॉस मला दोन-तीन फटक्यांत लोळवतो आणि माझ्या तलवारीने त्याला ओरखडाही उठत नाही. डेक्स अजून वाढवू का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : अजिबात नको. तुमच्या दोन्ही तक्रारींवर डेक्स हा उपाय नाही.

आधी तलवार. या गेममध्ये सुरुवातीच्या तीस-चाळीस लेव्हलपर्यंत मारा वाढतो तो स्मिदिंग स्टोनने, म्हणजे हत्यार सुधारायच्या दगडांनी. साध्या हत्याराला दर पायरीला मूळ माऱ्याच्या ५.८ टक्के भर पडते. म्हणजे +६ ला एक तृतीयांशाहून जास्त आणि शेवटच्या +२५ ला जवळजवळ अडीचपट. शिवाय डेक्समधून मिळणारा वाटाही दगडांबरोबरच वाढत जातो. +१ च्या तलवारीत डेक्स ओतून हाती फार थोडं लागतं.

हिशेब असा: पहिल्या तीन पायऱ्यांना एक नंबरचे दगड २, ४ आणि ६ लागतात. पुढच्या तीन पायऱ्यांना दोन नंबरचे तेवढेच. तुम्ही +१ वर आहात, म्हणजे +३ साठी अजून १० हवेत. अगील तळ्याच्या उत्तरेला लिमग्रेव्ह टनेल्स ही खाण आहे, तिच्या भिंतींत चकाकणारे दगड दिसतील तेवढे काढून घ्या. तिथल्या खाणकऱ्यांचं अंग दगडी आहे. तलवार खणकन परत येते, म्हणून गदा किंवा हातोडा जवळ ठेवा. चर्च ऑफ एलेमधल्या ऐरणीवर फक्त +३ पर्यंत जाता येतं, त्यापुढे राउंडटेबल होल्डमधल्या ह्यूग या लोहाराकडे. तिथे गेममधली सोबतीण मेलिना नेते. ती विचारेल तेव्हा नाही म्हणू नका.

आता व्हिगर. १२ ला तुमची हेल्थ साधारण ४५५ आहे. २५ ला ती ८०० होते आणि ४० ला १४५०. २५ ते ४० हा पट्टा सगळ्यात फायद्याचा, १५ पॉइंटांत ६५० हेल्थ. ४० ते ६० मध्ये २० पॉइंट घालून ४५० मिळते. ६० च्या पुढे ९९ पर्यंत ३९ पॉइंट घातलेत तरी सगळे मिळून २००, म्हणजे तिथे जाऊच नका. पुढच्या १३ लेव्हल डोळे झाकून व्हिगरला द्या.

नव्याने गेम सुरू करायची गरज नाही. राया लुकारियातल्या रेनाला या बॉसला हरवल्यावर ती लार्व्हल टिअर ही वस्तू घेऊन सगळे पॉइंट पुन्हा वाटू देते. मात्र हे टिअर मोजकेच मिळतात, दर आठवड्याला बिल्ड बदलायची चैन परवडणार नाही.

अजून एक, कारण हा गैरसमज बऱ्याच पत्रांत दिसतो. उचिगातानाचा ब्लीड (रक्तस्रावाचा परिणाम) डेक्सने वाढत नाही. दर फटक्याला ४५ जमतो आणि डेक्स १५ असो की ८०, तेवढाच राहतो. तो वाढवायचा तर हत्याराला ब्लड किंवा ऑकल्ट ॲफिनिटी (हत्याराला दिलेला गुण) हवी आणि पॉइंट आर्केन या स्टॅटमध्ये.

प्रश्न : वेळेवर डॉज दाबला तरी फटका बसतोच. भाऊ म्हणतो, “तुझो हातच जड आसा.” कंट्रोलर खराब असेल का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : हाताला दोष देण्याआधी चार गोष्टी तपासा.

पहिली, डॉज म्हणजेच रोल, बटण दाबल्यावर होत नाही, सोडल्यावर होतो. तेच बटण धरून ठेवलं की पात्र धावतं, म्हणून तुम्ही ते सोडेपर्यंत गेम थांबतो. घाबरून बटण दाबून धरणारा प्रत्येक जण असा उशिरा लोळतो. टिचकी मारल्यासारखं दाबा आणि सोडा.

दुसरी, एकदाच दाबा. दोनदा दाबलं की दुसरा रोल रांगेत बसतो, आणि पहिला संपल्यावर नको तिथे पुन्हा लोळून तुम्ही नेमके मार्गिटच्या काठीखाली येता. रोलमध्ये फटका न लागणारा भाग सुरुवातीचा, अर्ध्या सेकंदाहूनही कमी. मार्गिट हे जाणून काठी वर धरून ठेवतो. टेनिस क्रिकेटात स्लोअर बॉलवर बॅट आधीच फिरवून मोकळा होणारा फलंदाज आणि तुम्ही, दोघांची चूक एकच. काठी वर गेली म्हणून हलू नका, खाली यायला लागली की हला. आणि मागे पळू नका, त्याच्या अंगाकडे आणि बाजूला रोल करा. मागे गेलात तर काठीचं टोक गाठतं.

तिसरी, वजन. इक्विप लोड ७० टक्क्यांच्या खाली हवा. ७० ला पोचलात की रोल जड होतो आणि उठायला वेळ लागतो. मर्यादा ६० असेल तर अंगावरचं सगळं मिळून ४२ च्या आत ठेवा. इथे लोक फसतात ते जादा हत्यारामुळे: हातात नसलेली पण स्लॉटमध्ये अडकवलेली ढाल, धनुष्य, सगळं मोजलं जातं. टॅलिझमन म्हणजे ताईत, त्यांचंसुद्धा वजन असतं. वापरत नसाल ते काढून ठेवा. ३० टक्क्यांच्या खाली आलात तर रोल लांब जातो, पण त्यासाठी चिलखत उतरवून उघडं फिरावं लागतं. आमच्या मते नवख्याने त्या फंदात पडू नये.

चौथी, टीव्ही. घरातल्या मोठ्या टीव्हीवर खेळत असाल तर त्याच्या पिक्चर सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा. तो बंद असताना टीव्ही चित्र घासूनपुसून दाखवण्यात वेळ घालवतो आणि तुम्ही पाहता ते आधीच होऊन गेलेलं असतं. भाऊ बहुतेक मॉनिटरवर खेळत असणार.

एवढं करूनही जमलं नाही तर स्टॅमिनाची हिरवी पट्टी बघा. सगळी मारण्यात संपवली तर रोलला काही उरत नाही, आणि ढाल वर धरून ठेवली की ती भरतेही सावकाश. एक फटका कमी मारा.

प्रश्न : ग्रेटस्वर्ड मिळाली, पण स्ट्रेंथ ३१ मागते. माझी २२ आहे. थांबू का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : थांबू नका, दोन्ही हातांनी धरा. तसं धरलं की स्ट्रेंथ दीडपट मोजली जाते. २१ चे ३१.५ होतात, म्हणजे तुमचं काम आजच झालं. डेक्स मात्र १२ हवीच, ती दीडपट होत नाही. प्लेस्टेशनवर त्रिकोण धरून आरवन, एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर वाय धरून आरबी.

हाच नियम पुढेही उपयोगी पडतो. स्ट्रेंथचा फायदा ८० नंतर घसरतो. कायम दोन्ही हातांनी खेळणाऱ्याला ५४ पुरतात, कारण त्याचे ८१ मोजले जातात. वाचलेले पॉइंट व्हिगर आणि एन्ड्युरन्सला. या तलवारीचं वजनच २३ आहे, एन्ड्युरन्सशिवाय ती पेलणार नाही.

उभ्याउभ्या साधे फटके मारत बसलात तर मात्र निराशा होईल. या तलवारीचा खरा उपयोग शत्रूचा तोल मोडण्यात आहे. उडी मारून जड फटका, किंवा जड फटक्याचं बटण धरून पूर्ण चार्ज केलेला घाव. असे काही बसले की शत्रू गुडघ्यावर येतो, तेव्हा समोर जाऊन साधं फटक्याचं बटण दाबा, मोठा घाव बसतो. मध्ये फार वेळ गेला तर त्याचा तोल पुन्हा भरून येतो, त्यामुळे एक फटका मारून लांब पळून बसण्यात अर्थ नाही. स्टॉर्मव्हेल किल्ल्यातला क्लॉ टॅलिझमन उडीच्या फटक्यांना जोर देतो, तो शोधाच. तिथेच आयर्न व्हेटब्लेडही आहे. त्याने हत्याराला हेवी ॲफिनिटी देता येते, म्हणजे सगळा भर स्ट्रेंथवर.

प्रश्न : मॅजिक ॲफिनिटी दिलेल्या तलवारीला फायर ग्रीस (आगीचा लेप) लागतच नाही. बग आहे का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : बग नाही. ग्रीस फक्त स्टँडर्ड, हेवी, कीन आणि क्वालिटी या चारांनाच लागतं. आणि इंटेलिजन्स कमी असेल तर मॅजिक ॲफिनिटी ठेवूच नका. मारा दोन प्रकारांत वाटला जातो आणि शत्रूचा बचाव दोन्हींतून वेगवेगळा वजा होतो. आकडा मोठा दिसतो, लागतं कमी.

प्रश्न : पावसात लाईट जाते. खेळताना पीसी बंद पडला तर सेव्ह उडेल का?
— एक वाचक, कणकवली

उत्तर : गेम सतत सेव्ह करत असतो, म्हणून सहसा काही सेकंदांचंच नुकसान होतं. पण नेमकं लिहिताना लाईट गेली तर फाइल बिघडू शकते. विंडोजमध्ये ॲपडेटाच्या रोमिंगमध्ये एल्डनरिंग नावाचं फोल्डर आहे. ते अख्खं दर दोन-चार दिवसांनी पेनड्राइव्हवर उतरवा, गेम बंद करून. छोटा यूपीएस घेतलात तर उत्तम. बॉसशी लढताना तो वाचवणार नाही, पण मेनूतून नीट बाहेर पडायला वेळ देईल.

प्रश्न : लेव्हल १५०, मूळ गेम पूर्ण. ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’त साधे शिपाईसुद्धा दोन घावांत मारतात. आता लेव्हल किती करू?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : लेव्हलने फारसं काही होणार नाही. जून २०२४ मध्ये आलेल्या या जोडभागात वेगळंच माप चालतं, स्कॅडूट्री ब्लेसिंगचं. स्कॅडूट्री फ्रॅगमेंट गोळा करून ग्रेस या विश्रांतीच्या जागी बसून ती वाढवायची. तुमचा मारा वाढतो आणि बसणारा मारा कमी होतो, फक्त त्याच प्रदेशात. कमाल पायरी २०, त्यासाठी एकूण ५० तुकडे. मिकेलाच्या क्रुसांपाशी बरेच मिळतात, आणि डोक्यावर मडकं घेऊन उभ्या असलेल्या सावल्यांना मारलं तरी मिळतात. बेल्युरॅटच्या डान्सिंग लायन या बॉससमोर ३ किंवा ४ पायरी नसताना उभं राहणं म्हणजे उगाच हट्ट. स्पिरिट ॲश, म्हणजे मदतीला येणारे आत्मे, बोलावत असाल तर त्यांची वेगळी रिव्हर्ड स्पिरिट ॲश ब्लेसिंग आहे, तीही वाढवा.

गळ्यात रॅडॅगन्स सोअरसील अजून आहे का, तेही बघा. चार स्टॅटना प्रत्येकी ५ मिळतात म्हणून सगळे ती सुरुवातीला घालतात आणि विसरतात. ती असेपर्यंत तुम्हाला १५ टक्के जास्त मार बसतो. काढल्यावर हत्याराची अट पुरी होते ना आणि इक्विप लोड ७० च्या आत राहतो ना, एवढं तपासून तिच्या जागी ड्रॅगनक्रेस्ट ग्रेटशील्ड टॅलिझमन घाला.