बॅटरी नवी, स्टार्टर नवा, तरीही नुसते ‘टक्’: आधी अर्थिंग मोजा

तुमच्या जुन्या शेव्हरोले सी-१० पिकअपचे इंजिन आणि चॅसिस रंगवून झाल्यापासून किल्ली फिरवली की केवळ ‘टक्’ असा आवाज येतो, दिवे मंदावतात आणि एखाद्या दिवशी मात्र गाडी काही घडलेच नसल्यासारखी सुरू होते, हे वाचल्यावर उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. माझ्या १९७२ च्या फोर्ड एफ-१०० ने नेमक्या याच लक्षणांनी मला छळले होते, आणि तेही रंगकामानंतरच. मी पेशाने मेकॅनिक नाही आणि गाडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणीही छातीठोकपणे सांगू नये, तरीही माझा पहिला संशय अर्थिंगवर, म्हणजे इंजिनचा धातू बॅटरीच्या ऋण टोकाला जोडणाऱ्या जोडणीवर आहे. बॅटरी चार्ज केलेली आहे, टर्मिनल घासलेली आहेत आणि गिअर न्यूट्रलमध्ये आहे, हे मी गृहीत धरतो.

स्टार्टरला (इंजिन फिरवणाऱ्या मोटरला) जाणारा करंट इंजिन ब्लॉकमधूनच बॅटरीच्या ऋण टोकाकडे परततो, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण अर्थची केबल ब्लॉकवरच्या ताज्या रंगावर कसली असेल, तर धातूचा धातूला स्पर्श जवळजवळ बोल्टच्या आट्यांपुरताच उरतो, हे लक्षात येत नाही. दिव्यांसारख्या किरकोळ भाराला तेवढा स्पर्श पुरतो. स्टार्टर मात्र दोनशे अँपिअरच्या आसपास करंट ओढतो आणि अशा वेळी ०.०२ ओहम इतका क्षुल्लक रोधसुद्धा चार व्होल्ट गिळून टाकतो. साध्या मल्टिमीटरला इतका लहान रोध नीट मोजता येत नाही, म्हणून ‘ओहमवर पाहिले, केबल चांगली आहे’ या निष्कर्षाला माझ्या लेखी काहीही अर्थ नाही.

मोजायचा असतो तो भाराखालचा व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे स्टार्टर करंट ओढत असताना वाटेतच खर्ची पडणारे व्होल्ट. इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची (ठिणगीसाठी मोठा व्होल्टेज तयार करणाऱ्या गुंडाळीची) वायर काढून ठेवा, हँडब्रेक ओढा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक ब्लॉकच्या उघड्या धातूवर आणि दुसरे बॅटरीच्या ऋण शिशाच्या खुंटावर (क्लॅम्पवर नव्हे) धरा आणि कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असायला हवा. माझ्या गाडीत तो चारच्याही पुढे गेला होता. धन बाजूला बॅटरीच्या खुंटापासून स्टार्टरच्या मोठ्या बोल्टपर्यंत अर्ध्या व्होल्टपर्यंत चालते. फोर्डमध्ये सोलेनॉइड (स्टार्टरला करंट जोडणारा विद्युतचुंबकी स्विच) मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर वेगळा असतो, तुमच्या गाडीत तो स्टार्टरवरच असतो, त्यामुळे धन बाजूचे मोजमाप तुम्हाला गाडीखालून घ्यावे लागेल. गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरू नका.

मीटर हाताशी नसेल, तर जम्पर केबलचे एक टोक ऋण खुंटाला आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारून पाहा. इंजिन जोरात फिरले, तर दोष सापडला. मग त्या जागेचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला आणि कसून झाल्यावर वरून ग्रीस लावा. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी पट्टीही तपासा, कारण ती नसेल तर करंट चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि ती केबल तापते.

हे सर्व मला ज्यांनी सांगायला हवे होते, त्या गॅरेजचे नाव मी घेणार नाही. त्यांनी आधी बॅटरी बदलली, मग स्टार्टर बदलला आणि तरीही गाडी हलेना तेव्हा इंजिन घट्ट झाले आहे, ते खोलावे लागेल, असा निकाल दिला. बिलात ‘विद्युत तपासणी’ अशी स्वतंत्र ओळ होती, पण संपूर्ण कागदावर व्होल्टचा एकही आकडा नव्हता. त्यांनी सदोष ठरवून काढलेला मूळ स्टार्टर दुसऱ्या कारागिराने तपासला तेव्हा तो निर्दोष निघाला आणि आजही तोच गाडीवर आहे. म्हणूनच, कोणी सुटा भाग बदलायला सांगितला तर आधी त्यामागचा आकडा लेखी मागावा, असे माझे मत झाले आहे. ते थोडे कडवट असेल, पण बदलण्याचे कारण मला अद्याप मिळालेले नाही.

इंजिन झपाट्याने फिरू लागल्यावर ते सुरू होऊन किल्ली सोडताच बंद पडले, तर तो वेगळा दोष समजा. पॉइंटच्या (उघडझाप करणाऱ्या यांत्रिक संपर्कांच्या) जुन्या इग्निशनमध्ये सेल्फ मारताना कॉइलला बॅटरीचा थेट पुरवठा मिळतो आणि किल्ली सोडल्यावर तो व्होल्टेज कमी करणाऱ्या रोधक वायरीतून किंवा बॅलास्ट रेझिस्टरमधून येतो; तो मार्ग तुटला की नेमके असे होते. आधीच्या मालकाने जनरल मोटर्सचे एचईआय (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचे) डिस्ट्रिब्युटर बसवले असेल, तर त्याला पूर्ण बारा व्होल्ट लागतात आणि जुनी रोधक वायर तशीच ठेवून चालत नाही.

दोन्ही बाजूंचे आकडे ठीक आले, तर त्रास इंजिन तापल्यावरच होतो का, ते पाहा, कारण तुमच्या गाडीतला सोलेनॉइड एक्झॉस्टच्या उष्णतेत असतो. दोन्ही आकडे आणि इंजिन गार होते की तापलेले, एवढे कळवलेत तर पुढचे सांगता येईल.