‘होय’ची चिठ्ठी बोटांना कळायची

“मॅडम, मनात शंका येते म्हणजे माझी श्रद्धा कच्ची, असंच ना?” हा प्रश्न मला दर महिन्याला समुपदेशनासाठी आलेलं कुणी ना कुणी विचारतं. कुणाचा मुलगा आखातात असतो, कुणाचा जमिनीचा दावा वर्षानुवर्षं लोंबकळलेला असतो. सुलभावहिनी मात्र एक पायरी पुढे गेल्या होत्या. (नाव बदललंय, तपशीलही थोडे इकडचे तिकडे केलेत. त्यांना विचारूनच लिहितेय.) खुर्चीच्या अगदी कडेला बसून त्या म्हणाल्या, “मी शंका घेतलंय म्हणान ह्येंचा दुखणा परत इला तर?”

यजमानांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता. गोव्यात बांबोळीला ऑपरेशन झालं, मग केमो. आता आजार परततोय का हे बघायला दर तीन महिन्यांनी सीईए नावाची रक्ततपासणी, वर्षाने आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, आणि हे सगळं पाच वर्षं. यजमान काजूच्या बागेत कामाला लागलेसुद्धा. झोप उडाली होती ती वहिनींची.

पर्समधून त्यांनी मेडिकलवाल्याकडची औषधाची छोटी पिशवी काढली. आत जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाच्या दोन चिठ्ठ्या. एकीवर ‘होय’, दुसरीवर ‘नाय’. हाताळून हाताळून कागद कापसासारखा मऊ पडलेला. देवापुढे पहिल्यांदा टाकल्या त्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री. नंतर प्रत्येक रिपोर्टच्या आधी. मग ‘ह्यांनी आज मासे खावेत का’, ‘पावसात बागेत जावं का’ यासाठीही. मनासारखं निघालं नाही की तीनदा, तरीही नाही तर पाचदा. एका दिवसाचं मी मोजून यायला सांगितलं, तर आकडा निघाला 31.

पुढे त्यांनी मान खाली घालून जे सांगितलं, ते मी विसरलेले नाही. ‘होय’ची चिठ्ठी कोपऱ्यावर जरा जास्त दुमडली गेली होती आणि बोटांना ती कळायची. “म्हणजे देवाक मीच फसवतंय,” त्या म्हणाल्या.

यात माझ्या दोन चुका झाल्या. पहिली, मी हिशेब मांडला. दोन चिठ्ठ्या म्हणजे नाणेफेकच, पाचदा टाकल्या तर एकदा तरी ‘होय’ बहुतेक येणारच, वगैरे. त्या शहाण्या मुलीसारखी मान डोलावत राहिल्या आणि पुढचे तीन आठवडे फिरकल्या नाहीत. आल्या तेव्हा घाबरलेल्या होत्या, कारण सीईए 2.1 वरून 2.8 झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोन्ही आकडे मर्यादेतच आहेत, एवढा चढउतार होतो. मीही लगेच म्हणाले, “काही होणार नाही हो.” ही दुसरी चूक. दुसऱ्या दिवसापासून तेच वाक्य ऐकायला त्यांचा रोज फोन. मी त्यांची तिसरी चिठ्ठी झाले होते.

कॅनडातल्या क्वेबेकमध्ये मिशेल ड्युगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात अति काळजी करणाऱ्या माणसांवर बरंच काम केलं. त्यांचं म्हणणं असं की अशा माणसाला वाईट घडण्यापेक्षाही ‘काय घडेल ते ठाऊक नाही’ हेच सोसत नाही. म्हणून तो खात्री मागत सुटतो. मिळालेली खात्री तासभर टिकते आणि पुढच्या वेळी आणखी मोठी लागते. सकाळी वहिनींचा फोन ठेवताना मला हे आठवायचं आणि स्वतःचाच राग यायचा.

त्या माहेरच्या आचऱ्याच्या. मालवण तालुक्यातलं हे गाव दर काही वर्षांनी गावपळण करतं. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री घेऊन अख्खं गाव वेशीबाहेर जातं. झोपड्या बांधून तीन दिवस, तीन रात्री तिथेच राहायचं. परत यायलाही कौल लागतो, आणि तो मिळाला नाही तर मुक्काम वाढतो. मी सहज विचारलं, “लहानपणी गेला होतात?”

वहिनींचा चेहराच बदलला. आजीने दाराला कडी घातली, उंबऱ्याला हात लावला आणि चालू पडली. डोक्यावर भाताचा टोप, काखेत कोंबडी. झोपडीत रात्री भजन, दिवसा पोरींच्या फुगड्या. “वाडीतली भावजय एकसारखी विचारी, घर बरा असात मां? आजी म्हणाली, गो बाय, ता देव बघता, तू कांदो चिर.”

मी विचारलं, “आजीने तीन दिवसांत पुन्हा कौल लावायला सांगितलं?”

“छ्या! कौल काय दर घटकेक लावतत?”

त्या स्वतःच थांबल्या. मीही काही बोलले नाही.

त्यानंतरच्या दोन-तीन भेटींत आम्ही समजूत आणि श्रद्धा वेगळी करत बसलो. ‘असं केलं की तसं होतं’ ही समजूत. ती खरी ठरते किंवा खोटी, त्यामुळे तिला सतत राखण लागते. 2.8 आकड्यानेही ती हादरते. वहिनींच्या चिठ्ठ्या म्हणजे ही राखणच होती. आजीलाही समजुती होत्याच, भरपूर होत्या. पण कडी घालून निघताना तिने घराचा भार देवावर टाकला, तो ‘घर शाबूत राहील’ असं लिहून घेऊन टाकला नाही. परत आल्यावर काय दिसेल ते तिलाही माहीत नव्हतं. शंका भावजयीला होती तशी तिलाही असेल. शंकेने आजार उलटत नाही, हे मी वहिनींना डॉक्टरांकडूनही वदवून घेतलं, पण एकदाच. मी देव मानते की नाही हे त्यांनी कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्याची गरज पडत नाही, असा माझा अनुभव आहे.

मग ठरलं ते असं. सकाळी एकदाच देवाला गाऱ्हाणं. चिठ्ठी टाकायची उबळ आली की घड्याळ बघून वहीत वेळ लिहायची, अर्धा तास काढायचा आणि पुन्हा लिहायचं. मला फोन करायचा तर ‘काही होणार नाही ना’ हे सोडून काहीही बोलायचं. पहिला आठवडा वाईट गेला. वहीत एका ठिकाणी नुसतं ‘रडलंय’ लिहिलंय. मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवलं. औषधाची गरज त्यांना वाटली नाही. दिवसाचे तासन्‌तास अशा गोष्टीत जात असतील तर हे दाखवणं टाळू नये, औषध लागलं तरी त्यात कमीपणा नाही.

गाऱ्हाण्याचे शब्द त्यांनी स्वतः जुळवले. “बा देवा रामेश्वरा, रिपोर्टात काय येतला ता तुका म्हायत. माज्या घोवाक सांभाळ, आणि माका धीर दी.” पडवीत चहा पिणारे यजमान तिथूनच ओरडायचे, “व्हय म्हाराजा!”

पुढच्या तपासणीच्या दिवशी दुपारी फोन आला. “मॅडम, रिपोर्ट चांगलो येतलो मां?” सवयच ती. मी म्हटलं, “माका म्हायत नाय, वहिनी.” पलीकडे जरा शांतता. मग, “माका पण नाय. बांगडे साफ करतंय, ठेवतंय.” संध्याकाळी सीईए 2.6 आलं. पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहेच.

चिठ्ठ्या त्यांनी टाकून दिलेल्या नाहीत, देव्हाऱ्याच्या खणात आहेत. मध्ये एकदा फ्रीज घ्यावा का म्हणून टाकली. ‘नाय’ निघाली.

“मग?”

“मगे काय, हप्त्यान घेतलो.”