पाचशे एकचं शेपूट

प्रश्न : काका, आमच्या गल्लीच्या गणपतीच्या पट्टीचा हिशोब २०२४ साली पहिल्यांदाच वही सोडून गुगल शीटमध्ये ठेवला. मी आणि धाकट्या भावाने मिळून ६३ पावत्या भरल्या. पावतीवर असतं तसंच ५०१/-, १००१/- लिहिलं, सगळं मधोमध घेतलं, पिवळा रंग दिला. दिसायला झकास! पण बेरीज येते २५०५. शिवाय गणपती बसले ७ सप्टेंबरला आणि शीटमध्ये दिसतोय जुलै. रविवारी मीटिंग आहे, सगळे मलाच धरणार.
– एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : भावाने ५०१ च्या पाच पावत्या भरल्या असणार, आणि कंटाळून मागे /- चं शेपूट लावलं नसणार. २५०५ म्हणजे ५०१ पाच वेळा. शीटने तेवढेच मोजले.

पावतीवर ते /- असतं, कारण पुढे कुणी आणखी एक शून्य चिकटवू नये. शीटला त्याचं काय! तिच्या लेखी ५०१/- हा आकडा नाहीच, नुसती अक्षरं. एरवी हे नजरेलाच कळतं, कारण आकडे आपसूक उजवीकडे जातात आणि अक्षरं डावीकडे. तुम्ही सगळ्यांना मधोमध उभं केलंत, तिथे चोर लपला. बँकेत मी असं लेजर लिहिलं असतं तर साहेबांनी बेरीज माझ्याकडून तोंडी करून घेतली असती.

रकमेचा रकाना निवडा. फॉरमॅट मेनूत नंबर, त्यात ऑटोमॅटिक करा. मग 'शोधा आणि बदला' उघडून तेवढ्याच रकान्यात /- शोधा, बदलायची जागा रिकामी ठेवा आणि सगळे एकदम बदला. बेरीज लगेच हलेल. शेपूट हवंच असेल तर नंबरखालीच कस्टम नंबर फॉरमॅट आहे, तिथे 0"/-" लिहा. शीटच्या चौकटीत ५०१ च राहील, डोळ्यांना ५०१/- दिसेल. अंक मात्र इंग्रजीच भरा हं, मराठी अंक छापणं ही मासिकाची रीत.

तारखांचं दुखणं वेगळं. तुमच्या शीटचं लोकेल, म्हणजे कोणत्या देशाच्या रीतीने तारीख वाचायची ते सेटिंग, अमेरिकेचं दिसतंय. तिकडे महिना आधी, म्हणून ७/९ झाला ९ जुलै. १२/९ पर्यंत हे निमूट उलटत जातं. १३/९ ला तेरावा महिना कुठून आणणार, म्हणून ती तारीख अक्षरं होऊन बसते. फाइल, सेटिंग्ज, लोकेल इथे इंडिया करा. पण आत शिरलेला जुलै त्याने निघत नाही, तो फक्त ०९/०७ असा दिसायला लागतो. तारखा पावत्या समोर ठेवून परत भरा. ६३ च तर आहेत.

आणि तो पिवळा म्हणजे पैसे आले की यायचेत? रंगाची बेरीज होत नाही. 'जमा' आणि 'बाकी' लिहायला वेगळा रकाना करा, रंग कंडिशनल फॉरमॅटिंग, म्हणजे घातलेल्या अटीप्रमाणे रंग देणारी सोय, आपोआप देईल.

रविवारी पावतीपुस्तकंही बरोबर न्या. शहापूरच्या शाखेत असताना वडगावचे मागवाले विणकर माझ्या काउंटरवर यायचे. माझं मशीन चालू होईपर्यंत त्यांची बेरीज तोंडी झालेली असायची.