विंडोज ११ : लपवलेली सुविधा कशी उघडावी?

प्रश्न : मित्राच्या विंडोज ११वर दिसणारी नवी सुविधा माझ्याकडे नाही. उघडता येईल?

उत्तर : बहुतेकदा येते. मायक्रोसॉफ्ट कोड आधीच पाठवतं, पण प्रत्येक सुविधा एका आकडी आयडीमागे (ओळख क्रमांकामागे) बंद ठेवतं. डीबग सिम्बॉलच्या पीडीबी फाइल्स (प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यासाठी त्यातल्या नावांची नोंद ठेवणाऱ्या फाइल्स) चाळून हे आयडी शोधले जातात. फार चिकाटीचं, सुंदर काम आहे ते!

अशा बंद सुविधा चालू-बंद करणारं मोफत ‘व्हाइव्हटूल’ (ViVeTool) उतरवा. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून व्हाइव्हटूलच्या फोल्डरमध्ये जा, ‘एनेबल’ आज्ञेला त्या सुविधेचा आयडी द्या आणि मशीन रीस्टार्ट करा. यशस्वी झाल्याचा संदेश येऊनही काहीच बदललं नाही, तर बहुधा तुमच्या बिल्डमध्ये (विंडोजच्या नेमक्या आवृत्तीत) तो कोडच नाही. म्हणून आधी ‘विनव्हर’ (winver) ही आज्ञा चालवून तुमचा बिल्ड क्रमांक त्या सुविधेला लागणाऱ्या बिल्डशी जुळवा. एका वेळी एकच आयडी बदला. टास्कबार सारखा कोसळू लागला, तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजरमधून ॲडमिन टर्मिनल उघडा आणि त्याच आयडीला ‘रीसेट’ द्या.