पाडव्याची गाडी आणि 28 हजारांची चमक

दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी भावाचं पत्र आलंय. बारा एकरांत पऱ्हाटी अन् सोयाबीन, येत्या पाडव्याला पांढरी हॅचबॅक दारात येणार. शोरूमवाला सिरॅमिक कोटिंग (रंगावर बसणारा पातळ, पारदर्शक संरक्षक थर) करा म्हणतो, 24 हजार अधिक जीएसटी, पाच वर्षांची वॉरंटी. नाहीतर साडेसहा हजारांचं टेफ्लॉन. मित्राचं म्हणणं, सहाशेचा पॉलिशचा डबा आण अन् घास. पैसे एकतर कापसाच्या चुकाऱ्यातून (विकलेल्या मालाच्या पैशातून), नाहीतर गाडीच्या कर्जातच टाकायचे. शेवटचं वाक्य जसंच्या तसं देतो: "गाडी पाहून सोयऱ्याइचे डोये दिपले पाह्यजे, पण सोसायटीचं बी भरा लागते. काय करू?"

भाऊ, आधी सोसायटीचंच, म्हणजे गावच्या सहकारी सोसायटीच्या पीककर्जाचंच पाहू. तुम्ही दिलेल्या आकड्यांप्रमाणे 1 लाख 60 हजार भरले की चुकाऱ्यातले 20-22 हजार हाती राहतात. कोटिंगवर 18 टक्के जीएसटी लागला की ते 28,320 ला पडतं. म्हणजे वरचे सहा-आठ हजार सोसायटीच्या पैशातूनच काढावे लागतील. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं, तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्यावर येतं. मुदत हुकली की हे गेलं. साध्या 7 टक्क्यांनी मोजलं तरी वर्षाचे 11,200 रुपये. सहा-आठ हजार कमी पडले म्हणून अकरा हजार घालवायचे, असा सौदा बैलबाजारातही कोणी करत नाही.

"लोनमध्येच टाकून देतो, हप्त्यात कळणारही नाही," असं सेल्समन म्हणालाच असेल. 9.5 टक्क्यांनी सात वर्षांसाठी धरा. हप्ता 463 रुपयांनी वाढतो, खरंच कळत नाही. पण एकूण भरणा होतो जवळपास 38,900. कोटिंग चांगलं असलं आणि निगा राखली तर दोन-तीन वर्षं काम देतं, हप्ता मात्र सातव्या वर्षापर्यंत चालूच. पाच वर्षांच्या वॉरंटीचा कागद नीट वाचा. ठरल्या वेळी त्यांच्याकडेच तपासणी करून घ्यायची, तिचं बिल वेगळं, आणि एक फेरी चुकली की वॉरंटी संपली, अशा अटी त्यात बहुतेकदा असतात. दारव्ह्याहून यवतमाळच्या तेवढ्या चकरांचं पेट्रोलही जोडा.

आता मित्राचा डबा. पॉलिश आणि मेण (दुकानात वॅक्स म्हणून मागायचं) या दोन वेगळ्या वस्तू आहेत, दुकानदारही सर्रास घोळ करतात. पॉलिशमध्ये बारीक घासणारे कण असतात, ते रंगावरचा पारदर्शक थर किंचित खरवडून पृष्ठभाग सपाट करतात. हा थर साधारण 40-50 मायक्रॉनचा, माणसाच्या केसापेक्षाही पातळ, आणि एकदा गेला की परत येत नाही. मेण उलट वर बसतं, काही खरवडत नाही. कारखान्यातून आलेली कोरी गाडी मुळातच चमकत असते, तिला पॉलिश लावणं म्हणजे नव्या लुगड्याला ठिगळ.

हे मी स्वतःच्या पैशानं शिकलोय. माझ्या पहिल्या गाडीला महिनाही झाला नव्हता, एका वॉशिंग सेंटरवाल्यानं "चकाचक करून देतो" म्हणून मशीन फिरवली. संध्याकाळी गाडी आरशासारखी. दुसऱ्या दिवशी उन्हात बॉनेटकडे पाहिलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल वर्तुळं. रात्री टॉर्च मारला की अजून स्पष्ट. गाडीचा रंग काळा असल्यानं काहीच लपलं नाही. तुमच्या पांढऱ्यावर दिसलं कमी असतं, एवढाच फरक.

टेफ्लॉनचं थोडक्यात. हा पदार्थ 327 अंशांना वितळतो, नॉनस्टिक तव्यावर बसवायला भट्टी लागते. गाडीच्या रंगाला ती आच सोसणार नाही. त्या नावाखाली लावतात ते बहुतेक वेळा चांगल्यापैकी मेण किंवा सीलंट (मेणासारखाच, पण कृत्रिम लेप). साडेसहा हजार त्यासाठी देऊ नका.

आणि पांदण? तुम्हीच लिहिलंय की गाडी वावरापर्यंत न्यायची. तिथं बाभळीच्या काट्यानं ओढलेली रेघ सिरॅमिक अडवू शकत नाही. त्याचा थर एक-दोन मायक्रॉनचा. पाणी झरझर ओघळतं, धूळ लवकर सुटते, धुणं सोपं होतं, हे मात्र खरं. गाडी गर्द रंगाची असती, छपराखाली उभी राहिली असती आणि पैसे मोकळे असते, तर मी मोडता घातला नसता.

रंगासाठी पैसे घालायचेच तर विम्यात घाला. साध्या पॉलिसीत रंगकामाचा क्लेम आला की रंगाच्या मटेरियलवर 50 टक्के घसारा कापतात, झीरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कवच) घेतलं की ती कापणी टळते. नव्या कारला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा मिळतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग सहसा एकच वर्षाचा असतो. पुढच्या पाडव्याला तो खिशातून भरायचाय, तेव्हा चुकाऱ्यातून उरलेल्यातले दहा-बारा हजार आत्ताच वेगळे ठेवा. बाकीचे जूनच्या बियाण्याला.

सोयऱ्यांचे डोळे दिपवायला बाराशे रुपये पुरतात. मेणाचा डबा, कार शाम्पू, तीन-चार मायक्रोफायबर फडकी. सकाळी बॉनेट थंड असताना सावलीत हलका हात द्या, वाळून धुरकट झालं की पुसा, दर दोन महिन्यांनी पुन्हा. बोरचं पाणी गाडीवर वाळू देऊ नका, आपल्याकडच्या उन्हात त्याचे पांढरे ठिपके बसतात. कडुलिंबाखाली लावली तर पाखरांची घाण दिसताक्षणी ओली करून काढा. आणि पोऱ्याच्या हातातून जुन्या धोतराचं फडकं काढून घ्या. काळ्या मातीची धूळ कोरडी पुसणं म्हणजे रोज थोडं थोडं घासकागद मारणं.

कर्जाची रक्कम नक्की व्हायच्या आधी शोरूमकडून कोटेशन मागवा आणि ॲक्सेसरीजच्या रकान्यात कोटिंग आधीच घुसवलंय का ते पाहा. असेल तर कापायला लावा. डिलिव्हरीच्या दिवशी "पॉलिश नको, नुसती पाण्यानं धुऊन द्या" हेही आदल्या दिवशीच सांगून ठेवा, नाहीतर हार घालायच्या आधी हौसेनं मशीन फिरवतील.