कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यातून गाई-घोड्यांकडे जाताना नव्याने काय शिकावं लागतं?

तुम्ही विचारलंय की लहान प्राण्यांच्या दवाखान्यात ३ वर्षं मदतनीस म्हणून काढली, आता मोठ्या जनावरांच्या शुश्रूषेकडे वळायचंय, तर अंगात ताकद किती लागेल. माझीही सुरुवात मांजरांचे पिंजरे धुण्यापासूनच झाली. ताकद लागते, पण खोडा (जनावर अडकवून उभं करायची चौकट), मोरकी (तोंडाला बांधायची दोरी) आणि जोडीला समजूतदार माणूस असला की भागतं. मला जड गेलं ते वेगळंच. कशासाठी किती वेळ थांबायचं, याचा गाईचा हिशेब वेगळा आणि घोड्याचा वेगळा.

वारेचंच घ्या, म्हणजे पिल्लामागून पडणाऱ्या झिल्लीचं. गाय व्यायल्यावर वार पडायला १२ तास लागले तरी कोणी घाबरत नाही. २४ तास उलटल्यावर वार अडकली असं धरतात, आणि तेव्हाही ती खात-पीत असेल, ताप नसेल, तर डॉक्टर सहसा घाई करत नाहीत. घोडीची वार मात्र ३ तासांत पडली नाही, तर रात्री २ वाजले असले तरी डॉक्टरांना उठवायचं. गर्भाशयात जंतू वाढतात, विष रक्तात भिनतं आणि त्याचा फटका थेट टापांना बसतो. घोडी पायांतून कायमची जाऊ शकते. लोंबती वार ओढायची मात्र दोघींचीही नाही. घोडीच्या पायांत येऊ नये म्हणून वारेला वर गाठ मारून ठेवतात. पडलेली वार फेकून देऊ नका. ती पसरून बघायची असते, एखादा तुकडा आत राहिला का ते कळायला.

न उठणारी गाय ही तुमची खरी परीक्षा. व्यायल्यानंतरच्या पहिल्या २-३ दिवसांत रक्तातलं कॅल्शियम उतरलं की ती मान कुशीकडे वळवून बसून राहते, कान गार पडतात. याला दुग्धज्वर म्हणतात. नावात ज्वर असला तरी अंग उलट थंड लागतं. डॉक्टर कॅल्शियम शिरेतून सावकाश सोडतात, आणि तेवढा वेळ स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकणं तुमच्याकडे येतं. ठोका चुकायला लागला की लगेच सांगायचं. या गाईला तोंडावाटे काहीही पाजू नका. तिला धड गिळता येत नसतं, पाजलेलं फुप्फुसात उतरतं. दोन्ही बाजूंना पेंढ्याचे गठ्ठे लावून तिला छातीवर बसती ठेवायची. कुशीवर आडवी झाली की पोटातला वायू कोंडतो आणि ती फुगते.

आणि दर २-३ तासांनी कूस पालटायची. मी सुरुवातीला एका रात्री दोनदा ते टाळलं, शांत बसली आहे तर कशाला हलवा म्हणून. सकाळपर्यंत कॅल्शियमने तरतरी आली होती, पण मागचा पाय काही साथ देईना. स्वतःच्याच वजनाखाली दबलेले स्नायू मरतात, हे मला त्या गाईने शिकवलं.

घोड्याची रात्र पोटशुळाची. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे जठरात साठलेलं काढायला नाकातून नळी घालावी लागते (गाईला तोंडातून घालतात). माती उकरणं, कुशीकडे वळून बघणं, लोळणं ही लक्षणं तुम्ही वाचली असतीलच. पण वेदनाशामक दिल्यावर तो गप्प उभा राहतो आणि नवखा माणूस फसतो. जबड्याखालची नाडी धरा. निरोगी घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ असते. औषधानंतरही ती ६० च्या वर राहिली तर त्या गप्प उभं राहण्यावर विश्वास ठेवू नका. लीद कधी आणि किती पडली, ते वेळेसकट लिहून ठेवा.

गाईची नाडी शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूने लागते. तिच्या डाव्या भकाळीत (शेवटच्या बरगडीमागच्या खळग्यात) मूठ दाबून २ मिनिटं उभं राहिलात तर पोटाच्या २-३ लाटा हाताला जाणवायला हव्यात. तापमान गाईचं साधारण १०१.५ अंश फॅरनहाइट, घोड्याचं ९९ ते १०१. थर्मामीटर गुदद्वारात घालतात, म्हणून त्याला दोरी बांधून दोरीच्या टोकाचा चिमटा शेपटीच्या केसांना लावा, नाहीतर थर्मामीटर आत ओढला जातो. मग तो बाहेर काढायला कोणी पुढे होत नाही, अर्थात तुम्हालाच काढावा लागतो.

लाथेचं मांजरांकडून काही शिकता येत नाही. घोडा सरळ मागे झाडतो, गाय पाय पुढे आणून बाजूला फिरवते. म्हणजे गाईच्या पोटाशी उभं असतानाही तुम्ही टप्प्यात असता. घोड्याला अगदी मागचं दिसत नाही, तेव्हा बोलत बोलत खांद्याकडून जा.

एकाच आवारात दोन्ही जनावरं असतील तर पहिल्याच दिवशी खाद्याची पोती वाचून घ्या. गुरांच्या काही खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध घातलेलं असतं. गाईला ते चालतं, घोड्याचं मात्र हृदय निकामी करतं, आणि त्यावर उतारा नाही. दोन्ही खाद्यांच्या बादल्यासुद्धा वेगळ्या ठेवा.