पुढच्या वर्षी हे खाचर कोण लावणार?

कानाझावा, फेब्रुवारी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. जपानमधल्या नोतो द्वीपकल्पाच्या टोकाशी राहून त्या गावाच्या भातशेतीची ओळख जगाला करून देण्याचे काम तुम्ही तरुण मंडळी मनापासून करता आहात, यात मला शंका नाही. म्हणून त्याबद्दल चार कौतुकाचे शब्द लिहिण्यात मी कागद घालवत नाही. तुझा प्रश्न नेमका आहे. 2024 च्या भूकंपाआधीचे, पाण्याने काठोकाठ भरलेल्या खाचरांत मावळतीचे रंग उतरलेले फोटो टाकले की हजारो लोक ते पाहतात. फुटलेल्या बांधांचे आणि त्यांवर अंथरलेल्या निळ्या ताडपत्रीचे फोटो टाकले की बाहेरचे लोक नजर वळवतात आणि गावातल्या काही ज्येष्ठांनाही वाईट वाटते. मग दाखवायचे काय? शिवाय तू मूळची पुण्याची, मुदतीवर नेमलेली. तेव्हा या भांडणात तोंड उघडायचा तुला अधिकार आहे का, अशीही शंका तू शेवटी हळूच लिहिली आहेस.

दुसरी शंका मी लगेच निकालात काढतो. ‘चिइकी ओकोशी क्योर्योकुताई’ ही तू जिच्यात नेमली गेलीस ती सरकारी योजना 2009 मध्ये सुरू झाली, ती बाहेरची माणसे गावात आणण्यासाठीच. जास्तीत जास्त तीन वर्षांची मुदत असते, हे गावालाही ठाऊक असते. जो उन्हाळ्यात बांधावरचे गवत कापतो, त्याला त्या बांधाबद्दल बोलता येते. तू कापतेस. विषय संपला.

पहिला प्रश्न मात्र तू अर्धाच विचारला आहेस. कोणता फोटो टाकायचा यावर तुमच्या दोन बैठका झाल्या असे तू लिहितेस. त्या बैठकांत कोणी असे विचारले का, की त्या फोटोतल्या खाचरात पुढच्या वर्षी रोप कोण लावणार आहे? तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात अनुयायांचे आकडे आहेत, छायाचित्रांचे कोन आहेत, बोधचिन्हाचा रंगसुद्धा आहे. पण ज्या आजोबांच्या खाचराचे ते चित्र आहे त्यांचे वय किती, त्यांच्यामागे कोण, त्यांच्या भाताला गेल्या हंगामात काय भाव मिळाला, याचा एक शब्द नाही. मला राग आला तो याचा.

वाजिमाजवळची शिरोयोने सेनमाइदा, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची ती भातशेती, तू अनेकदा पाहिली आहेस, म्हणून तिचेच उदाहरण घेतो. जपानच्या समुद्रात उतरणाऱ्या सुमारे 4 हेक्टर उतारावर 1004 खाचरे. ट्रॅक्टर फिरवायला जागा नाही, लावणी आणि कापणी हातानेच. 2001 मध्ये तिला राष्ट्रीय निसर्गरम्य स्थळाचा दर्जा मिळाला, आणि 2011 मध्ये नोतोचा सगळा शेती-समुद्राचा प्रदेश, सादो बेटाच्या बरोबरीने, जागतिक कृषी वारसा म्हणून नोंदला गेला. जपानमधली ती पहिलीच नोंद. मग 1 जानेवारी 2024 चा 7.6 क्षमतेचा भूकंप झाला. खाचरांना तडे गेले, पाट तुटले. भाताच्या शेतात वर दिसतो तो चिखल. त्याच्या खाली पिढ्यान्‌पिढ्या तुडवून घट्ट केलेला थर असतो आणि तोच पाणी धरतो. तडा त्या थरात गेला की वरून कितीही पाणी सोडा, ते खालच्या बांधाच्या पोटातून निघून जाते आणि जाताना बांधही घेऊन जाते. तो तडा उकरायचा, भरायचा, ठोकायचा, पुन्हा सपाट करायचा, आणि पाणी सोडून वाट पाहायची. त्या मे महिन्यात तिथे सुमारे 120 खाचरांत लावणी झाली. सप्टेंबरच्या अतिवृष्टीने पुन्हा दरडी आणल्या. तरी पुढच्या वर्षी लावणी आदल्या वर्षापेक्षा जास्त खाचरांत झाली. मुली, 1004 खाचरांच्या जुन्या फोटोपेक्षा या 120 खाचरांचा फोटो मला मोठा वाटतो, कारण त्यात माझ्या प्रश्नाचे उत्तर आहे: लावणारी माणसे आहेत.

आता माझ्याबद्दल थोडे, कारण मी आडमुठा आहे हे तुझ्या कानावर गेलेच असेल. भाषांतराच्या दिवसांत अशाच एका डोंगराळ खोऱ्याचे माहितीपत्रक माझ्याकडे आले होते. कोणाचे ते सांगत नाही. त्यात ‘हजार वर्षे जसेच्या तसे राहिलेले दृश्य’ असे वाक्य होते. मी ते लिहिणार नाही म्हणालो, आणि ते काम माझ्या हातून गेले. बायको म्हणाली, एका वाक्यासाठी एवढे? आजही मी तेच करीन. शिरोयोने येथे 1684 मध्ये उतारच्या उतार घसरून गेला होता. त्या दरडीला तिथले लोक ‘ओनुके’ म्हणतात. त्यानंतर त्यांनी कैक पिढ्या खपून खाचरे पुन्हा रचली. जसेच्या तसे म्हटले की त्या सगळ्या माणसांचे श्रम एका वाक्यात पुसून टाकले जातात. तिथला डोंगर आजही सरकतो, बांध दरवर्षी कुठे ना कुठे बसतो आणि दरवर्षी कोणीतरी तो उचलतो. तुमच्या गावात 2024 नंतर जे चालले आहे ते वारशाच्या बाहेरचे काही नाही. फावडे घेऊन वाकलेला माणूस हाच तिथला नेहमीचा देखावा आहे. ज्येष्ठांना ताडपत्रीचे फोटो पाहून वाईट वाटते ते मला समजते. त्यांच्या घराचा फोटो त्यांना न विचारता टाकला तर वाटणारच. विचारून टाका. ताडपत्रीबरोबर ती अंथरणारा माणूसही दाखवा, आणि तो पुढच्या वर्षी काय करणार आहे हे त्याच्याच तोंडून लिहा.

तू सुचवलेल्या ‘मालक योजने’बद्दल. शहरातल्या माणसाने वर्षाची रक्कम भरायची, एक खाचर त्याच्या नावाने, लावणीला आणि कापणीला यायचे, तांदूळ घरी न्यायचा. कोची प्रांतातल्या युसुहारा गावाने 1992 मध्ये ही प्रथा सुरू केली, आणि पुढे ती देशभर पसरली. कल्पना चांगली आहे. पण ती मांडताना तू मे महिन्यावरून थेट सप्टेंबरवर उडी मारली आहेस. मधले जून, जुलै, ऑगस्ट कोणाचे? पाणी रोज पाहायचे कोणी? रानडुकरांसाठी लावलेल्या विजेच्या तारेला गवत टेकले की तिचा जोर जातो, ते गवत काढायचे कोणी? आणि बांध! सपाट जमिनीवरचा शेतकरी बांधाचा विचार करत नाही. डोंगरावर मात्र लागवडीच्या जमिनीपेक्षा उभ्या बांधाचे क्षेत्र कधी कधी जास्त भरते, आणि तिथे गुडघ्यात वाकून, पाय घसरू न देता, यंत्राने गवत कापणे हे त्या शेतीतले सर्वांत जीवघेणे काम असते. देशातल्या मुख्य शेतकऱ्यांचे सरासरी वय आता सत्तरीला टेकले आहे. तुझी योजना त्या सत्तरीच्या माणसाला शंभर पाहुणे देते आणि गवत त्याच्याच वाट्याला ठेवते. योजना बदल. जे मालक होऊ इच्छितात त्यांच्याकडून लावणीच्या आधी जुलैची तारीख लिहून घे. गवताला येणार नसेल तर त्याने दुप्पट रक्कम भरावी, आणि ती रक्कम कापणाऱ्याच्या हातात रोख पडावी. असे केले तर लोक कमी येतील, असे तुझे सहकारी म्हणतील. येऊ देत कमी. माझा प्रश्न तोच आहे: पुढच्या वर्षी हे खाचर कोण लावणार? फोटो काढून परत गेलेला माणूस लावणार नाही.

तुमच्याच द्वीपकल्पातल्या मिकोहारा गावाची गोष्ट तुम्ही सगळे सांगता, पण चुकीच्या बाजूने सांगता. हाकुई नगरपालिकेतल्या ताकानो जोसेन यांनी तिथला तांदूळ 2005 मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्यापर्यंत पोचवला आणि वर्तमानपत्रांत एकच गवगवा झाला. गोष्ट रंजक आहे यात वाद नाही. तुमच्या गटाला त्यातून एवढेच कळले, की कोणातरी मोठ्या माणसाच्या हातात आपली पिशवी द्यायची! त्या गोष्टीचा जो भाग गावाच्या कामी आला तो कंटाळवाणा आहे: शेतकऱ्यांनी स्वतःची कंपनी काढली, स्वतःचे दुकान उघडले आणि आपल्या तांदळाचा भाव आपण ठरवला. सादोचेही तसेच. तोकी हा आयबिस जातीचा पक्षी 2008 मध्ये तिथे पुन्हा मोकळ्या आकाशात सोडला गेला, त्याचे चित्र पिशवीवर आले. पण ती पिशवी मिळण्यासाठी शेतकऱ्याला रसायने निम्म्याने कमी करावी लागतात, हिवाळ्यात शेतात पाणी ठेवणे किंवा शेताकडेला चर राखणे अशी कामे करावी लागतात, वर्षातून दोनदा शेतातले जीव मोजावे लागतात. चित्रामागे काम आहे आणि कामामागे भाव आहे. तुमच्या पिशवीच्या सुंदर नमुन्यावर किलोचा भाव लिहायची जागाच ठेवलेली नाही, हे मी दोनदा उलटून पाहिले.

आणि वेळही तुमच्या बाजूची आहे. जपानी माणूस 1962 मध्ये वर्षाला 118 किलो तांदूळ खात असे. आता तो जेमतेम 50 किलोच्या आसपास खातो. सरकारने 1970 पासून जवळजवळ अर्धे शतक, 2018 पर्यंत, पीक कमी घ्या असेच सांगितले, आणि सर्वांत आधी सुटली ती डोंगरातली अवघड खाचरे. मग 2024 च्या उन्हाळ्यात दुकानांतला तांदूळ संपला, 2025 च्या वसंतात 5 किलोची पिशवी आदल्या वर्षीच्या दुप्पट, म्हणजे 4000 येनच्या वर गेली, आणि ज्यांनी आयुष्यात कधी तांदळाचा विचार केला नव्हता ते टोकियोतले लोक भात कोण पिकवतो असे विचारू लागले. त्यांना मावळतीचा फोटो कशाला दाखवतेस? त्यांनी प्रश्न विचारला आहे, त्याचे उत्तर दे.

तू म्हणशील, काका कानाझावात बसून दुसऱ्यांच्या शेतीची काळजी करतात, त्यांच्या स्वतःच्या शेतीचे काय? माझा भाऊही हेच म्हणतो. राजापूर तालुक्यातली आमची खाचरे पडीक आहेत. तरवा, म्हणजे रोपांची जागा, भाजायला माणूस नाही, लावणीला पैरा, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने काम, करायला शेजारी नाही, वाडीतली निम्मी घरे गणपतीपुरती उघडतात. मी जपानला निघालो म्हणून ती पडली असे भावाचे मत. मी ते आजतागायत मान्य केलेले नाही. ज्या भाताच्या विक्रीतून मजुरीही सुटत नव्हती, त्यासाठी मुंबईहून परत ये असे वडिलांनी मला कधी सांगितले नाही, आणि त्यांनी सांगितले असते तरी भाव वाढला नसता. मात्र त्या वर्षांत कोकणच्या हिरव्या शेतांचे कौतुक करणारे लेख भरपूर छापून येत होते, ते मी वाचत होतो आणि त्यांतल्या एकाही लेखकाने भाताचा भाव लिहिला नव्हता, याची चीड माझ्या मनातून गेलेली नाही. तुझ्यावर ती थोडी सांडते आहे, हे मला कळते. सोसून घे.

तुझ्या पत्रातली एक गोष्ट मात्र मी पुनःपुन्हा वाचली. 5 डिसेंबरला शेजारच्या घरी ‘आएनोकोतो’ पाहायला मिळाले, असे तू चार ओळींत लिहून पुढे गेलीस. मुली, तिथे थांबायचे होते. घरचा यजमान सणाचे कपडे घालून शेतावर जातो, भाताच्या देवाला आणि देवीला घरी घेऊन येतो, शेकोटीपाशी बसवतो, न्हाऊ घालतो, जेवायला वाढतो, आणि 9 फेब्रुवारीला त्यांना पुन्हा शेतावर पोचवतो. युनेस्कोने 2009 मध्ये त्याची नोंद घेतली. पण पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर काहीच नसते, कारण देव दिसत नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी, की देवालाही दिसत नाही. लोंबीचे टोक लागून त्याची दृष्टी गेली अशी एक समजूत आहे. म्हणून यजमान पायरी आली की सांगतो, पाणी किती गरम आहे ते सांगतो, ताटातला प्रत्येक पदार्थ कोणता, हे एकेक करून मोठ्याने सांगतो. ज्याला काहीच दिसत नाही त्याच्यापर्यंत भात, मासा, मुळा पोचवायचा असेल तर तो असाच सांगावा लागतो: काय आहे, कुठून आले, कोणी पिकवले. तुमचा गट जे करू पाहतो आहे ते त्या घरात कित्येक पिढ्या चालत आले आहे, आणि ते करणाऱ्यांनी कधी कॅमेरा लावला नाही. त्या यजमानाकडे जा. चहा घे. देवाला काय काय सांगितले ते त्याच्याकडून पुन्हा ऐक, आणि तुमच्या पुढच्या मजकुरात तसेच लिही.

लावणीला अजून तीन महिने आहेत. तेवढ्यात गावातल्या प्रत्येक खाचराची एक वही तयार कर: कसणारा कोण, वय किती, पाणी कोणत्या पाटाचे, तडा आहे की बुजला, लाकडी मांडवावर पेंढ्या टांगून भात वाळवतात की यंत्रात, गेल्या हंगामात किलोला काय मिळाले, आणि शेवटच्या रकान्यात, पुढच्या वर्षी कोण. तो रकाना कोरा राहील तिथे कोराच ठेव. अंदाजाने भरू नकोस. ज्येष्ठांनी परवानगी दिली तर तुमच्या गटाने पहिल्यांदा हीच वही लोकांपुढे ठेवावी. नाही दिली तर ती तुमच्यापाशी राहू दे, पण तिच्याविना एकही नवा फोटो टाकू नका.

पिशवीचा भाव ठरला की मला कळव. माझ्या घरी वर्षभर लागतो तेवढा तांदूळ मी तुमच्याकडून घेईन, भाव गावाने ठरवावा, मी घासाघीस करणार नाही. मात्र पिशवीवर खाचर कोणाचे ते लिहिलेले असावे, आणि जुलैत गवताला मी येतो आहे. गुडघे साथ देत नाहीत, तरी तारेखालचे गवत मला कापता येईल.

तुझा,
काका